शेकायची पिशवी

आनंदा राऊळ प्यायला की फार सरळ चालायचा. एरवी त्याची चाल जरा डुलती, कोकणातल्या होडीसारखी. पण पोटात घोटभर गेली, की कवायतीतला शिपाई व्हायचा. लालबागच्या त्या चाळीच्या जिन्यावर संध्याकाळी खाड खाड पावलं वाजली, की दुसऱ्या मजल्यावरच्या बायका मुलांना दारातून आत ओढून घेत. आनंदाची मात्र पक्की समजूत होती, की आपलं पिणं चाळीत कुणालाही ठाऊक नाही. पिणारा प्रत्येक माणूस असंच समजतो, म्हणून तर तो पिऊ शकतो.

दारूबंदीचे दिवस होते. सरकारने दारूला राज्यातून हद्दपार केलं होतं, आणि हद्दपार झालेले लोक करतात तेच तिने केलं. ती शेजारच्या गल्लीत राहायला गेली. घोडपदेवला एका पत्र्याच्या शेडमागे कुशाबा नावाचा माणूस तिचा सांभाळ करीत होता.

तसा आनंदा वाईट माणूस नव्हता. गिरणीत साळखात्यात मागावर कामाला, सकाळी आंघोळ करून गंध लावणारा, भजनाला झांजा वाजवणारा. आवाज असा खणखणीत, की मोर्चात त्याने नुसतं "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हटलं, की "झालाच पाहिजे" हे पुढचं काम अख्खी चाळ करायची. माधव सावे हे चाळ कमिटीचे सेक्रेटरी. ते दारूबंदी सप्ताहात व्याख्यान देत आणि व्याख्यानाला आनंदाला पुढच्या ओळीत बसवत. आनंदा टाळ्याही वाजवायचा.

छप्पनच्या जानेवारीत गिरणगावात गोळीबार झाले आणि नाक्यानाक्यावर पोलीस बसले. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाप्याची पिशवी ते उघडून बघत. त्यांना दगड हवे होते, सोडावॉटरच्या बाटल्या हव्या होत्या. आनंदाच्या पिशवीत वेगळीच बाटली असायची. कुशाबानेही घाबरून शेडमागची बसायची सोय बंद केली. घ्यायची आणि चालू पडायचं. आता आली का पंचाईत! संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जायची आनंदाची तयारी होती, चाळीने हारतुरे घालून पोचवलं असतं. पण हातभट्टीची बाटली सापडून गेला असता, तर गंध लावलेलं कपाळ घेऊन परत कुठे यायचं?

दोन दिवस त्याने कसेबसे काढले. हात थरथरायला लागले. मागावर सुतं तुटायला लागली, जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, आईबहीण काढली. तिसऱ्या दिवशी घरी येऊन तो खाटेवर बसला, आणि त्याची नजर खुंटीवरच्या लाल रबरी पिशवीवर गेली. गरम पाणी भरून शेकायची पिशवी. दोन वर्षांपूर्वी अंबिकेच्या पोटात फार दुखत होतं तेव्हा त्यानेच आणलेली. लग्नानंतर त्याने बायकोसाठी आपणहून आणलेली तेवढी एकच वस्तू.

"बायकांना नाक्यावर अडवत नाहीत," तो म्हणाला.

अंबिका तांदूळ निवडत होती. "कशाला अडवतील? बायकांनी काय केलंय?"

"तेच म्हणतो मी."

तिने मान वर केली, खुंटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. बाईमाणसाला काही गोष्टी पूर्ण सांगाव्या लागत नाहीत.

"मी नाही जायची. लाज वाटते मला."

"एकदाच. उद्या पुन्हा सूत तुटलं तर घरी बसवतील मला. हे बघ." आणि त्याने हात पुढे केले. ते खरोखरच थरथरत होते. त्याबाबतीत तो खोटं बोलत नव्हता.

ती गेली.

गॅलरीतून नाका दिसायचा. दिवेलागणीला अंबिका परत येताना त्याला दिसली. नऊवारीखाली पिशवी पोटाला बांधलेली, वरून पदर घट्ट, पावलं जड. हवालदाराने काठी आडवी घातली. आनंदाने गॅलरीचा कठडा धरला.

"ओ बाई, पदराखाली काय आहे?"

 अंबिकेने दोन्ही हात पोटावर घेतले, घाबरून, आणि नेमकी तीच खूण मागून येणाऱ्या रखमाकाकीने बघितली. रखमाकाकी म्हणजे शेजारच्या खोलीतली विधवा म्हातारी. हातात माशांची पिशवी, तोंडात तोफखाना.

"काय आसतला? तुझ्या आवशीच्या पदराखाली तू होतस ना, ताच!" तिने तिथूनच सुरुवात केली. "दिसणा नाय काय तुका? पोटुशी बाई आसा ती! गोळये घालून पोट भरला नाय तुमचा, आता जन्माक येतल्यांची पण झडती घेतास?"

हवालदार सातारकडचा, लेकुरवाळा माणूस. त्याने काठी बाजूला घेतली. "चुकलं, मावशी," म्हणाला, आणि ट्राम थांबवून दोघींना रस्ता ओलांडून दिला.

रखमाकाकीने जिन्याच्या पहिल्या पायरीपासून विचारायला सुरुवात केली. "गो चेडवा, माका सांगलंस नाय ता? कितवो?" अंबिका गप्प. "गप रवलंस म्हणजे पाचवो. साडी सैल नेसतंस, कळाचा कसा?" दुसरा मजला येईपर्यंत सगळ्या चाळीला पाचवा लागला होता.

आनंदाला खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण रांगेत ती दुसरी आली. पहिल्यांदा जे वाटलं ते असं: पिशवी वाचली.

"उद्या नळावर मी कशी जाऊ?" दार लावून अंबिका म्हणाली.  "सगळ्या माझ्या पोटाकडेच बघणार."

आनंदा तोवर पिशवी बाटलीत रिकामी करीत होता. धार न मोडता तो म्हणाला, "पाणी भरून बांध की. पाण्याला कोण विचारतो?"

झालं. सकाळी पाणी, संध्याकाळी दारू. पोट वाढायला हवं म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पिशवीखाली एकेक फडकं वाढू लागलं. इतक्या काटेकोरपणे आनंदाने घरातली दुसरी कुठलीही गोष्ट कधी केली नव्हती.

आणि चाळ? लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नाही म्हणून हळदीकुंकवाला जिच्या कपाळाला शेवटी बोट लागायचं, तिला आता पहिला मान. रखमाकाकी तिला नळावरची बादली उचलू देईना. "ठेव ती! तुझ्या बापाशीची नाय ती बादली!" कुणी कैरी आणून दिली, कुणी चिंचेचा गोळा. माधव सावे यांनी कमिटीच्या बैठकीत सांगितलं, "राऊळांचं मूल भाग्यवान. आपण जन्मलो मुंबई इलाख्यात, ते जन्मणार संयुक्त महाराष्ट्रात." नाक्यावरचा हवालदार तर रोज संध्याकाळी ट्राम अडवायचा. "सावकाश जा, ताई. फिरायला जाता ते बरं करता. माझ्या मंडळीलाही डॉक्टरनं फिरायलाच सांगितलं होतं." अंबिका मान खाली घालून कुशाबाची दारू घेऊन रस्ता ओलांडायची.

एकदा आनंदा पाळी संपवून लवकर घरी आला. दार लोटलेलं होतं. अंबिका भिंतीला टेकून बसली होती, एकटी, आणि पिशवीवरून हात फिरवत होती. हलके हलके, गोल. ओठ हलत होते. त्याची चाहूल लागताच तिने हात काढून घेतला आणि चुलीकडे वळली. पुढे आनंदा पुष्कळ प्यायला, तरी तो क्षण विरघळला नाही.

चैत्रात रखमाकाकीने जाहीर केलं, "सातवो लागलो. डोहाळजेवण करूचा." चाळ तयारच होती. रविवार ठरला. आता सोमवारी हरताळ पडणार अशी कुजबूज होती. म्हणजे सगळं बंद, कुशाबासुद्धा. तेव्हा शनिवारी दुप्पट माल आणून ठेवायला हवा. आणि ठेवायचा कुठे? रविवारी घरभर बायका, फळीवरची भांडी खाली काढणार, खाटेखाली पाट शोधणार. बाटली कुठेही ठेवली तरी सापडली असती. घरात एकच जागा अशी होती, जिथे कुणी हात घातला नसता.

"उद्या तरी पाणी असू दे यात," अंबिका म्हणाली. "ओटी भरणार माझी."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"देवाधर्माचं आहे हो ते."

"देव काय बूच उघडून बघतो?"

 पण आनंदालाच ते वाक्य बोलल्यावर कसंतरी झालं. प्रायश्चित्त म्हणून त्याने मनाशी ठरवलं, की उद्या ओटी भरून होईपर्यंत थेंबाला शिवायचं नाही. आपल्या त्यागाने त्याचे डोळेही जरा भरून आले.

रविवारी दुपारी खोलीत मुंगीला जागा नव्हती. अंबिकेला हिरवी साडी, हिरवा चुडा, मोगऱ्याच्या कळ्यांचे बाजूबंद. पाटाभोवती रांगोळी. रखमाकाकीने स्वतःचं जुनं रेशमी लुगडं फाडून बाळासाठी कुंची शिवून आणली होती. तिच्या नवऱ्याने लग्नात घेतलेलं लुगडं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, हे सांगायची गरज नाही. ज्यांना असतं त्यांची लुगडी आधीच फाटलेली असतात.

"खय आसा बापूस?" तिने आरडाओरडा केला. "हाडा त्याका. बसवा बायलेशेजारी."

आनंदा पाटावर येऊन बसला. पोटात कालपासून काही नाही. हात मांड्यांखाली दाबून धरलेले. पुढ्यात दोन वाट्या झाकून ठेवल्या. अंबिकेने एक उघडली. पेढा!

"मुलगा!" बायका ओरडल्या. गॅलरीतून माधव सावे यांनी आरोळी दिली, "मुंबईसह!" आणि खालच्या मजल्यापर्यंत सगळे गरजले, "झालाच पाहिजे!"

हशा झाला. अंबिकाही हसली. किती दिवसांनी ती अशी दात दिसेपर्यंत हसत होती, आणि आनंदाला एक क्षणभर खरंच वाटून गेलं, की होईल. मुलगा होईल.

मग रखमाकाकीने ओटी भरायला घेतली. तांदूळ, खण, नारळ. नारळ पदरात ठेवून तिने दोन्ही तळवे अंबिकेच्या पोटावर दाबले, डोळे मिटले, आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घालू लागली. गाऱ्हाणं लांबलचक होतं. म्हातारीच्या तळव्यांत बळ होतं. बूच सरकलं.

आधी वास आला. कुजका गूळ आणि नवसागर. मोगऱ्याला बाजूला सारून तो खोलीभर उभा राहिला. त्या मजल्यावर तो वास न ओळखणारी एक बाई नव्हती. कुणी तो नवऱ्याच्या सदऱ्यात धुतला होता, कुणी उशीत घेऊन झोपली होती, कुणी थोरल्या मुलाच्या तोंडाला पहिल्यांदा आला तेव्हा माहेरी निघून गेली होती. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आनंदाकडे.

रखमाकाकीने गाऱ्हाणं तोडलं. "आनंदा," ती म्हणाली. ओरडली नाही. "आजच्या दिवसा तरी रे?"

तरी. त्या एका शब्दात आनंदाला कळलं, की चाळीला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. ती सरळ चाल, ते गंध, पुढच्या ओळीतल्या टाळ्या, सगळं ते बघत होते आणि त्याच्या तोंडावर त्याला सज्जन म्हणत होते.

आणि आज त्याने थेंबही घेतला नव्हता. ते सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि शेजारी अंबिकेकडे त्याची नजर गेली. ओटीच्या खाली हिरव्या साडीवर काळपट डाग पसरत होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी नाही, असं तो म्हणाला असता, तर इतक्या सगळ्या नाकांनी मग दुसरा कोण हे शोधलं असतं.

"होय!" आनंदा उठून उभा राहिला. "प्यालोय! कोणाच्या बापाची प्यालोय?"

प्यायलेला माणूस कसा वागतो हे त्याला माहीत नव्हतं. तो स्वतः तसा कधी वागलाच नव्हता. नाटकात पाहिलेलं आठवून त्याने एक पाय वाकडा टाकला, जीभ जड केली, रांगोळीत पडला, "झालाच पाहिजे" असं काहीतरी बरळला. फार वाईट अभिनय होता. पण चाळीला तेवढा पुरला. पुरुषांनी आत येऊन त्याला काखेत धरून गॅलरीत ओढत नेलं.

"लाज नाही वाटत?" माधव सावे म्हणाले.

वाटते, असं त्याला म्हणायचं होतं. पण प्यायलेल्या माणसाने असं म्हणायचं असतं की नाही, ते त्याला आठवेना.

तेवढ्यात आतून कुणीतरी किंचाळली, "अगो बाय माझे! साडी भिजली हिची! पाणी गेलं!"

"भायर व्हा!" रखमाकाकीचा आवाज. "सगळ्यांनी भायर व्हा! पोरी, दार ओढ."

बायका बाहेर आल्या. दार लागलं. सुईणीला आणा, डॉक्टरला आणा, असं चाललं होतं, पण कुणी हलेना. आनंदा भिंतीला टेकून त्या दाराकडे बघत राहिला. आत आता पदर सुटला असेल. आत आता फडकी सुटली असतील, एकेक. आता दार उघडेल, लाल पिशवी बाहेर येईल, आणि अंबिका उद्या त्या नळावर उभी राहू शकणार नाही, कुठल्याच नळावर राहू शकणार नाही.

दार उघडलं. रखमाकाकी उंबऱ्यात उभी राहिली. तिने पदर पुढे घेतला होता, त्याखाली काहीतरी धरलं होतं. ती आनंदाकडे बघत होती. कितीतरी वेळ. मग चाळीकडे वळून म्हणाली,

"गेला. सुईण नको नि कोण नको. पॉर गेला."

बायकांनी तोंडाला पदर लावले. दारूचा वास अजून खोलीतून येत होता, आनंदा तर गॅलरीत होता. पण ज्यांना नाकं होती त्यांनी ती पदरात घातली. आणि आतून अंबिकेचं रडणं आलं.

तसं रडणं आनंदाने कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? दोन वर्षांपूर्वी खरं मूल गेलं, तेव्हा तो कुशाबाकडे होता. तिसरा महिना भरल्याशिवाय कुणाला सांगू नये म्हणतात, म्हणून तिने चाळीत सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने एकटीने सगळं सोसलं, एकटीने जमीन पुसली. तो खाड खाड पावलं टाकत आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडली नाही, शेजारी ऐकू जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने ती पिशवी आणली. कुणी भेटायला आलं नाही. आलं नाही कारण कुणाला कळलंच नव्हतं. आज सगळी चाळ तिच्या दाराशी बसली होती, आणि ती त्या मुलासाठी रडत होती.

पुरुष आनंदाभोवती बसले. "माणसाच्या मनाला आधी कळतं," एक जण हळूच म्हणाला. "म्हणूनच प्यायला असेल बिचारा." त्याला माफ केलं गेलं. माधव सावे आपल्या घरात जाऊन आले आणि त्याच्या कानाशी वाकले. धोतराच्या सोग्याआड एक चपटी बाटली होती. "डॉक्टरी परमिटची आहे, प्रकृतीसाठी ठेवतो. घे. आज तुला गरज आहे."

 कालपासून आनंदाच्या अंगाचा प्रत्येक सांधा दारूसाठी ओरडत होता.

"नको."

माधवरावांचे डोळे पाणावले. ते इतरांना म्हणाले, "नको म्हणतो. बघा. केवढं दुःख झालंय त्याला."

रखमाकाकीने त्याला मोरीशी बोलावलं. पदराखालची पिशवी काढून त्याच्या हातात कोंबली.

"काकी, मी..."

"बोलूचा नाय." ती त्याच्याकडे बघत नव्हती. खांद्यावर कुंची तशीच टाकलेली होती. "माझ्या घोवाचा लुगडा फाडलंय मी. देवाक बोललंय. आता देवाक काय सांगू, आनंदा? काय सांगू?"

मोरीत नळ ठिबकत होता.

"तिच्या पोटात दुखता," ती म्हणाली. "खराच दुखता. पाणी तापव आणि भर ह्यात. पाणी म्हणतंय मी."

त्याने पिशवी धुतली. राखेने, चिंचेने, धुण्याच्या सोड्याने. पाणी तापवून भरलं, बूच घट्ट पिळलं, आत गेला. अंबिका हिरव्या चुड्यातच पडली होती. त्याने पिशवी तिच्या हाताशी ठेवली.

"वास येतोय," ती म्हणाली.

"धुतली मी."

"तरी येतोय."

तिने ती पोटावर घेतली आणि भिंतीकडे वळली.

सोमवारी हरताळ झालाच नाही. आनंदा डब्याची पिशवी घेऊन कामावर निघाला. पाय डुलत होते, होडीसारखे. नाक्यावर पोलीस पुढच्या माणसाची पिशवी उलटीपालटी करीत होते. आनंदाची पाळी आली तेव्हा हवालदाराने टोपी काढून काखेत घेतली.

"कळलं मला मावशीकडनं," तो म्हणाला. "लई वाईट झालं, भाऊ. ताईंना सांभाळा." आणि काठीने पुढचा रस्ता दाखवला. "जावा तुम्ही. तुमची पिशवी न्हाई बघत आजपास्नं."

रस्ता मोकळा होता. डावीकडे गिरणी, उजवीकडे घोडपदेव. आनंदा हलला नाही. मागे रांग थांबली होती.

"तपासा," तो म्हणाला.

"अहो, राहू द्या."

आनंदाने डब्याची पिशवी दोन्ही हातांनी उघडून हवालदाराच्या तोंडापुढे धरली. हात थरथरत होते, डबा आत खुळखुळत होता.

"नाही, तपासा," तो म्हणाला. "रोज तपासत जा."